सोळा पिवळे, सोळा काळे

घरी केलेल्या बुद्धिबळाच्या मोहऱ्यांना झटपट रंग द्यायचा असेल तर ब्रशच्या नादी लागू नये. प्रत्येक मोहऱ्याच्या बुडात एक खिळा अर्धा ठोकावा, खिळा चिमटीत धरून मोहरा उलटा रंगात बुडवावा, वर काढल्यावर दोनदा गरकन फिरवावा म्हणजे जादा रंग झटकला जातो, आणि मग तो खिळ्यावर उभा करून वाळत ठेवावा. खिळे अडकवायला भोकं असलेलं काहीतरी लागतं. बाबांनी आणि मी इडलीपात्र वापरलं. चार मजले आणि मजल्याला चार इडल्या, म्हणजे एका बाजूचे सोळा मोहरे बरोबर बसतात. बायको शिफ्टवरून घरी आली, गॅरेजमध्ये तिचं इडलीपात्र प्याद्यांनी भरलेलं पाहिलं आणि म्हणाली, "हे आता तुम्हा दोघांनाच राहू दे." तिने दुसऱ्या दिवशी फोस्टर स्ट्रीटवरच्या इंडियन दुकानातून नवीन आणलं.

ही रीत माझी नव्हे, बाबांची. ते पुण्याजवळच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असेल तर आधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो. बाबांनी जन्मभर तेच केलं. त्यांचा रंग म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख, त्यात काळ्यासाठी काजळी. दहा मिनिटांत खडखडीत सुकतो. मी इकडे परदेशात, डँडेनॉन्गला, गाड्यांच्या अपघात-दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये स्प्रे पेंटर आहे. आलो होतो आयटी शिकायला. ज्या कोर्सने पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळेल तो कोर्स करत करत रंगाच्या बूथमध्ये पोचलो. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर अपघात झालाच नव्हता असं दाखवणं. ते मला फार चांगलं येतं.

आई गेली आणि त्यानंतर बाबा इकडे आले, वर्षभराच्या व्हिजिटर व्हिसावर. त्या व्हिसावर एक अट होती: इथे असताना मुक्काम वाढवून मागता येणार नाही. ते आले तेव्हा त्यांचा डावा डोळा गेलेला होता आणि उजवा चाललेला होता. उजवा किती टिकतो यावर सगळं अवलंबून होतं. तो टिकला तर ते परत जाऊन पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहू शकणार होते. नाही टिकला तरी परत जावं लागणारच होतं. मी एकुलता एक. ते वर्षभर मी कामावर गेलो, मुलीला ग्लेन वेव्हर्लीच्या शाळेत सोडलं, आणलं, पण डोक्यात दुसरं काही नव्हतं.

डोळ्यांचं असं का झालं तेही सांगतो, कारण त्यात माझा वाटा आहे. आमच्याकडे मोतीबिंदू पिकू देतात. काकांचा पिकला, मग काढला. आत्याचा पिकला, मग काढला. बाबांना अंधुक दिसायला लागलं तेव्हा तेही पिकायची वाट बघत बसले, आंबे आढीत घातल्यासारखे. दर रविवारी मी फोनवर विचारायचो, "डोळे काय म्हणतात?" ते म्हणायचे, "पिकतोय." मी म्हणायचो, "पिकू द्या. इकडे आलात की करून टाकू." अशी चार वर्षं गेली. चार वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की कुणाला तरी सांगून त्यांना डॉक्टरकडे पाठवावं. रविवारचा फोन केला की माझं कर्तव्य संपत होतं.

इथल्या डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी बघितलं आणि सांगितलं की हा मोतीबिंदू नाहीच, काचबिंदू आहे. काचबिंदू पिकत नाही. तो नुसता खात जातो, आणि खाल्लेलं परत मिळत नाही. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "व्हॉट्स गॉन इज गॉन, आय ॲम अफ्रेड." थेंबांनी राहिलेलं टिकलं तर टिकेल, पण उशीर फार झालाय, असंही म्हणाल्या. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतायत?"

"थेंब घालायचे म्हणतायत," मी म्हणालो. तेवढंच भाषांतर केलं.

बुद्धिबळ आमच्या घरात पहिल्यापासून होतं. कंपनीच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत बाबा खेळायचे आणि मला त्यांनीच शिकवलं. येताना ते त्यांचा जुना पट आणि मोहऱ्यांची पेटी घेऊन आले होते. विमानतळावर पेटी उघडली तर कोपऱ्यातून पिवळसर भुसा सांडला. लाकडाला कीड लागलेली. तिथली अधिकारी मुलगी अगदी नम्रपणे "सो सॉरी" म्हणाली आणि पेटी ठेवून घेतली. किडलेलं लाकूड देशात येऊ देत नाहीत, नियम तो नियम. आठवड्याने बाबा म्हणाले, "लाकूड कुठे मिळतं इकडे?"

मी हार्डवेअरच्या दुकानातून गोल दांडे आणले, ते त्यांनी गॅरेजचं शटर वर करून, उजेडात बसून कोरले. महिना लागला. आपल्या पद्धतीने कोरले: हत्तीला सोंड, उंटाला कुबड. माझ्या मुलीला शाळेत रूक आणि बिशप माहीत. ती उंट हातात घेऊन म्हणाली, "आजोबा, व्हाय इज द बिशप अ कॅमल?"

"तिरका चालतो म्हणून," बाबा म्हणाले.

"कॅमल्स डोंट वॉक साइडवेज!"

"आमचे चालतात," बाबा म्हणाले, आणि ती खो खो हसली. त्या महिन्यात मी बाबांचे हात बघत होतो. किती सफाई, किती बारीक काम, आणि ज्याला सोंडेला बाक देता येतो त्याला दिसत असणारच, असं मी स्वतःला समजावत होतो. ते काम बोटांचं होतं, डोळ्यांचं नव्हे. पॅटर्न शॉपमधली माणसं डोळे मिटून गोलाई तपासतात, हे मी लहानपणी शंभरदा पाहिलं होतं. पण जे बघायचं नसतं ते आपण बरोबर विसरतो.

पहिला रंग बाबांच्या पद्धतीने झाला. चपडी लाख मिळाली, स्पिरिट इथलं घेतलं, त्याला इकडे मेथो म्हणतात, काजळी निरांजनावर वाटी धरून काढली. सोळा काळे, सोळा नुसत्या लाखेचे तपकिरी. दिसायला देखणे होते. दर रविवारी दुपारी गॅरेजमध्ये आम्ही खेळायला लागलो, आणि बाबा हरायला लागले. माझंच प्यादं उचलून पुढे सरकवायचे. मग म्हणायचे, "उजेड बरोबर नाही." दुसऱ्या रविवारी म्हणाले, "पट हलतोय." मी हसून म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं." तेही हसले. तिसऱ्या रविवारी त्यांनी स्वतःच्याच वजिराला आपल्या उंटाने मारलं. त्यानंतर मी त्यांची चेष्टा केली नाही.

मी माझ्या धंद्याच्या वाटेने गेलो. जे दिसत नाही ते रंगाने दिसतं करता येतं, यावर माझं पोट आहे. तपकिरी घासून काढले आणि पांढरे केले. काळे होते ते मॅट काळे केले, कारण चकचकीत काळ्यावर उजेड पडला की तिथे पांढरा ठिपका दिसतो आणि कमी दिसणारा माणूस फसतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, बूथमध्ये उभं राहून कळलं होतं. पांढऱ्या-काळ्यांनी दोन रविवार बरे गेले. निदान मला तसं वाटलं. मग बाबा म्हणाले, पांढरा डोळ्यांना लागतो.

मग पिवळा. फोर्कलिफ्टला देतात तो, धुक्यातसुद्धा दिसणारा. वर्कशॉपमध्ये अर्धा डबा उरला होता तो बॉसला विचारून आणला. "नो वरीज, मेट," तो म्हणाला. पिवळा मोठा भित्रा रंग आहे, खालचं सगळं दाखवतो. म्हणून आधी पांढरा हात, त्यावर पिवळ्याचे दोन पातळ हात, मध्ये हेअर ड्रायर. घाई करून जाड हात दिला तर सोंडेवरून ओघळ येतो आणि हत्तीला सर्दी झाल्यासारखं दिसतं. इडलीपात्रात सोळा पिवळे मोहरे उभे राहिले तेव्हा गॅरेजमध्ये झेंडूची परडी ठेवल्यासारखं वाटलं. बाबा जवळ आले, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "आता कसं लख्ख."

त्या रविवारी ते जिंकले. पुढच्या रविवारीही जिंकले. तिसऱ्या वेळी त्यांनी मला वीस चालींत मात दिली आणि "चहा टाक" म्हणाले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी बायकोला किचनमध्ये गाठलं आणि म्हणालो, "जमलं. त्यांना कॉन्ट्रास्ट पाहिजे होता फक्त. घरात सगळीकडे पिवळ्या पट्ट्या मारून देतो, पुण्यालाही जाऊन मारतो. राहतील ते एकटे."

ती म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये काम करते. तिने भांडं विसळायचं थांबवलं. "तू बाबांना चहा ओतून घेताना बघितलंयस का कधी?"

"का?"

"कपात बोट घालून बघतात, भरला का ते. गरम चहात. दोन महिने झाले."

मी तिच्यावर खेकसलो. म्हणालो, तुला सगळीकडे तुझे पेशंटच दिसतात. त्या दिवसानंतर बाबांचा कप ती स्वतः भरून द्यायला लागली. मी पिवळ्याला आणखी एक हात दिला.

व्हिसाचंही करून बघितलं. ज्या एजंटने माझं पीआरचं काम केलं होतं त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "यार, अट काढून मागता येते, पण आल्यानंतर अचानक काहीतरी घडलेलं हवं. अंकलचं तर चार साल से चालू आहे." डॉक्टरांच्या कागदावर तसं लिहिलेलंच होतं, आणि ते मीच सांगितलं होतं. कायमच्या पेरेंट व्हिसाच्या रांगेचं विचारलं तर त्याने नुसते हात वर केले. चोरून राहायचा विचार मी एकदा बोलून दाखवला तेव्हा बाबा म्हणाले, "उभ्या जन्मात बिनतिकिटाने बसमध्ये बसलो नाही." मग उरला एकच मार्ग, मी परत जायचं. घराचे हप्ते, मुलीची शाळा, बायकोची नोकरी, पुण्यात माझ्यासारख्याला कोण उभं करणार, ही सगळी कारणं खरी आहेत. लिहिताना मला त्यांची लाज वाटते, पण ती खरी आहेत.

जायला आठ दिवस राहिले. इकडची जून-जुलैची थंडी, कडाक्याची. पिवळ्यांची नाकं, सोंडा, टोकं झिजून खालचा पांढरा दिसायला लागला होता. मोहरे बाबांबरोबर पुण्याला जाणार होते, म्हणून मी ठरवलं की शेवटचं काम पक्कं करायचं: बत्तीसच्या बत्तीस घासायचे, आमच्याकडे गाडीला देतो तो राखाडी प्रायमर द्यायचा, मग रंग. शनिवारी सकाळी घासले, दुपारी प्रायमर मारला. प्रायमर सुकल्यावर खिळे उपटले आणि बुडं सपाट बसतायत का बघायला सगळे पटावर आपापल्या जागी मांडले. सोळा या बाजूला, सोळा त्या बाजूला, सगळे उंदरासारखे करडे. मी हात धुवायला आत गेलो. परत आलो तर बाबा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, पिवळ्यांच्या बाजूला, बसलेले होते.

त्यांनी एका प्याद्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "झाले वाटतं," म्हणाले. "वा. पिवळे काय उठून दिसतायत."

मी दारात उभा राहिलो. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी येऊन समोर बसलो.

त्यांनी राजाचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मी उत्तर दिलं. सुरुवातीला अडचण आली नाही, दोन्ही फौजा आपापल्या बाजूला होत्या. पण दहाबारा चालींनंतर मोहरे एकमेकांत मिसळले आणि मला कळेना झालं. सगळे एका रंगाचे. हा उंट कुणाचा, ही दोन प्यादी कुणाची, मी मनातल्या मनात चाली मागे नेऊन आठवत होतो. बाबा शटरच्या दिशेला तोंड करून बसले होते. त्यांचा हात मात्र पटावरून फिरत होता, एकेका डोक्याला हलकेच लागत. हे ते नेहमी करायचे, आणि मी त्याला सवय समजत होतो. मी त्यांच्या बोटांखालचाच एक घोडा उचलला आणि त्यांचं प्यादं मारायला निघालो.

"तो माझा घोडा आहे," बाबा म्हणाले. "तुझा मघाशीच मेला."

मी घोडा जागेवर ठेवला. तो लाकडावर वाजला ते त्यांना ऐकू गेलं असणार. आणखी पाच-सहा चालींत त्यांनी उंटाने शह दिला, मला हलायला घर नव्हतं. मात. एरवी ते लगेच चहा मागतात. आज त्यांनी एक हत्ती उचलला आणि अंगठ्याने पाठीवरून सोंडेपर्यंत चोळत राहिले.

"प्रायमर आहे ना हा?" ते म्हणाले. "पोटाखाली खरखर राहिलीय. बारीक कागद मार अजून."

"मग पिवळे म्हणालात ते?"

"तू इतक्यांदा रंगवलेस. म्हणावंसं वाटलं."

"कधीपासून दिसत नाही?"

"पांढरे केलेस ना, त्याच्या आधीपासून. सुरुवातीला पट डोक्यात बसेना, म्हणून हरायचो. मग बसला."

म्हणजे पांढरा, मॅट काळा, फोर्कलिफ्टचा पिवळा, पातळ हात, हेअर ड्रायर, सगळं फुकट. त्यांच्यासाठी मी एकदाही रंगवलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, खरंच आला, आणि मी ओरडलो, "मग सांगायचं नाही का मला?"

"सांगून काय करणार होतास?" ते शांतपणे म्हणाले. "त्या डॉक्टरबाईंनी काय सांगितलं ते तू तरी कुठे सांगितलंस? गॉन म्हणाल्या त्या. तेवढं इंग्लिश मला येतं."

मी मोहरे गोळा करायला लागलो. मग बाबा म्हणाले, "पुण्याचं घरही तसंच डोक्यात आहे. पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं, ओट्याला सात. जमेल." मी विचारलं, आणि रस्त्यावर? ते म्हणाले, रस्त्यावर कशाला जातोय आता.

त्या संध्याकाळी मी मोहरे रंगवले. सोळा पिवळे, सोळा काळे, ओघळ एकही नाही. का रंगवले ते मला विचारू नका. हाताला दुसरं काही येत नाही.

पुण्याला शेजारचे काका त्यांना विमानतळावरून घेणार होते, आणि थेंब घालायला, स्वयंपाकाला एक बाई ठरवली होती. मी सोबत येतो म्हणालो होतो, पण माझी रजा आईच्या वेळी संपली होती, आणि बाबा म्हणाले, "डिसेंबरात ये, आठ दिवस येऊन काय दिवे लावणार आहेस?" निघायच्या दिवशी व्हीलचेअर सांगितली. आपल्याकडची सगळीच म्हातारी माणसं सांगतात, इंग्लिश येत नाही, गेट सापडत नाही म्हणून. त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबांनी गॉगल लावला होता, मोहऱ्यांची पिशवी मांडीवर धरली होती. मी वाकून पाया पडलो. मुलगी म्हणाली, "बाय आजोबा, कम बॅक सून," आणि ते म्हणाले, "येस येस."

खुर्ची ढकलणारा माणूस त्यांना आतल्या दाराकडे घेऊन गेला. पुढे जाता येत नव्हतं, म्हणून आम्ही दोरीपाशी उभे राहिलो. दाराशी बाबांनी त्याला थांबायला सांगितलं. त्याने खुर्ची वळवली. बाबांनी हात वर केला आणि हलवला, तोंडभर हसून, डावीकडच्या खांबाकडे, जिथे एक अनोळखी कुटुंब आपल्या बॅगा मोजत उभं होतं.

हाक मारली असती तर त्यांना कळलं असतं की चुकलं. मी त्या लोकांमधून वाट काढत पळत गेलो, खांबापाशी जाऊन उभा राहिलो आणि हात हलवला.